०२००, ०४२०, ०४२१... एमटीआयचा तक्ता पाठ करायचा का? आणि अशा लॉगमध्ये ग्राहकाचे पैसे नेमके कुठे असतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एटीएम स्विचच्या (बँकांमधले व्यवहारांचे मेसेज इकडून तिकडे पोचवणारी सिस्टिम) सपोर्टला नवीन लागलेल्या एकाला एका व्यवहाराचा लॉग मिळालाय, लॉग मशीनवाल्या बँकेचा म्हणजे अ‍ॅक्वायररचा. त्यात ओळीने ०२००, ०४२०, ०४२१, परत ०४२१, मग ०४३० आणि सगळ्यात शेवटी ०२१० दिसतंय. त्या ०२१० मध्ये रिस्पॉन्स कोड ०० आहे म्हणजे मंजूर. ग्राहक म्हणतोय खात्यातून पैसे गेले पण मशीनमधून काहीच आलं नाही, आणि सिनियरने सांगितलंय की आधी कोडचा तक्ता पाठ कर मग बोलू.

पाठ करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हा चार आकडी कोड म्हणजे एमटीआय, मेसेज टाइप इंडिकेटर. दिसतो एका नंबरसारखा, पण त्यात चार प्रश्नांची चार उत्तरं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. पहिला आकडा सांगतो आयएसओ ८५८३ ची (कार्ड व्यवहारांच्या मेसेजचं मानक) कुठली आवृत्ती, दुसरा सांगतो काम कुठल्या प्रकारचं, तिसरा सांगतो समोरचा विचारतोय की कळवतोय, आणि चौथा सांगतो सुरुवात कोणी केली आणि हा मेसेज पहिल्यांदा आलाय की परत पाठवलाय. एवढं डोक्यात बसलं की कधीच न पाहिलेला कोड समोर आला तरी निम्म्याहून जास्त अर्थ तुमचा तुम्ही लावाल. तक्ता पाठ केलेला माणूस तक्त्याबाहेरचा कोड आला की अडतो, आणि पेमेंटमध्ये असे कोड येतातच.

पहिला आकडा पटकन उरकतो. ० म्हणजे १९८७ ची आवृत्ती, १ म्हणजे १९९३ ची, २ म्हणजे २००३ ची, आणि ९ म्हणजे कोणीतरी स्वतःपुरतं केलेलं खाजगी. एटीएम आणि पीओएसच्या (दुकानातलं कार्ड मशीन) ऑनलाइन मेसेजमध्ये तुम्हाला जवळपास कायम ० च दिसेल, इतकी ती १९८७ ची आवृत्ती मुरलीये. एनएफएस, म्हणजे बँकांची एटीएम जोडणारं नेटवर्क, त्याच घराण्यातलं, आयएमपीएस पण. यूपीआय मात्र एक्सएमएलवर चालतं, तिकडून बदली होऊन आलेल्या लोकांना म्हणून हे आकडे सुरुवातीला परके वाटतात.

दुसरा आकडा म्हणजे कामाचा प्रकार. १ ऑथरायझेशन, २ फायनान्शियल, ३ फाइल अ‍ॅक्शन, ४ रिव्हर्सल (व्यवहार उलटवणं) आणि चार्जबॅक (वादातल्या व्यवहाराचे पैसे कार्ड देणाऱ्या बँकेने परत मागणं), ५ रिकन्सिलिएशन (बेरजा जुळवणं), ६ अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, ७ फी कलेक्शन, ८ नेटवर्क मॅनेजमेंट. यातल्या १ आणि २ ची गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून तिथे जरा थांबतो.

०१०० म्हणजे फक्त परवानगी मागितली. इश्युअर, म्हणजे कार्ड देणारी बँक, हो म्हणाली की तेवढी रक्कम अडवून ठेवते, पण पैशाची खरी देवाणघेवाण नंतर क्लिअरिंगची (बँकांमधला हिशोब मिटवण्याची) फाइल आली की होते, याला ड्युअल मेसेज म्हणतात. ०२०० मध्ये परवानगी आणि प्रत्यक्ष नोंद दोन्ही एकाच फटक्यात, ते सिंगल मेसेज, आणि एटीएममधून पैसे काढणं बहुतेक ठिकाणी असंच चालतं कारण मशीनने नोटा दिल्या की त्या दिल्या, नंतर फाइल पाठवून खरी रक्कम कळवू असं तिथे काही नसतं. हॉटेलात चेक-इनला कार्ड घासतात ते ०१००, आणि चेक-आउटला खरं बिल झाल्यावर त्याचं कम्प्लिशन ०२२० म्हणून जाताना दिसतं. आता ग्राहकाचा फोन आला की "पैसे कापले" म्हणतो, तो दोन्ही वेळेला तेच म्हणणार, त्याला एसएमएस सारखाच येतो. पण तुम्ही दुसरा आकडा बघितलात की लगेच कळतं की रक्कम नुसती अडवलीये की खरंच खात्यातून गेलीये, आणि त्याला द्यायचं उत्तर पूर्ण बदलतं.

आता तिसरा आकडा. माझ्या मते एमटीआयमधला हाच सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवीन लोक नेमका हाच वरवर बघतात. ० म्हणजे रिक्वेस्ट, १ त्याचं उत्तर, २ म्हणजे अ‍ॅडव्हाइस, ३ त्याचं उत्तर, ४ म्हणजे नोटिफिकेशन. म्हणून ०२०० चं उत्तर ०२१०, ०४२० चं उत्तर ०४३०, ०८०० चं ०८१०. हे सगळ्यांना येतं. पण रिक्वेस्ट आणि अ‍ॅडव्हाइसमध्ये खरा फरक हा आहे की रिक्वेस्टला नाही म्हणता येतं, अ‍ॅडव्हाइसला येत नाही. ०२०० आला की इश्युअर शिल्लक बघतो, पिन बघतो, कार्ड ब्लॉक आहे का बघतो आणि ५१ (शिल्लक अपुरी) किंवा ५५ (पिन चुकीचा) देऊन परत पाठवू शकतो, ते त्याचं कामच आहे. ०२२० किंवा ०४२० मात्र घडून गेलेल्या गोष्टीची खबर असते. दुकानदाराने माल दिलाय, मशीनने नोटा दिलेल्या नाहीयेत, झालं ते झालं, आता तुझी वही त्याप्रमाणे सुधार एवढंच ते सांगतायत. तिथे खात्यात शिल्लक नाही म्हणून ०२२० नाकारणारं किंवा कार्ड हॉटलिस्ट आहे म्हणून ०४२० परत पाठवणारं सॉफ्टवेअर चुकीचं लिहिलंय. कार्ड ब्लॉक झालं म्हणून त्या माणसाचे आधीचे परत यायचे पैसे अडकवून ठेवायचे? असं होऊ देऊ नका. व्हॅलिडेशनचा कोड लिहिताना पहिली फांदी तिसऱ्या आकड्यावर पाडा.

०१२० पण याच चष्म्यातून बघा. इश्युअर बंद पडलेला असताना व्हिसा, मास्टरकार्डसारखं नेटवर्क त्याच्या वतीने काही व्यवहार मंजूर करतं, स्टँड-इन म्हणतात त्याला, आणि लाइन परत आली की त्याची खबर ०१२० ने देतं. नव्या मुलाला वाटतं ऑथरायझेशन आलंय, हो-नाही ठरवायचंय. ठरवायचं काही उरलेलंच नसतं, रक्कम अडवून ठेवा आणि ०१३० द्या.

नोटिफिकेशन हा आणखी एक टप्पा पुढे, त्याला उत्तराची अपेक्षाच नसते. तो बहुतेक क्लिअरिंगमध्ये दिसतो, तिकडे येतोच.

चौथा आकडा: ० अ‍ॅक्वायरर, १ अ‍ॅक्वायररने परत पाठवलेला, २ इश्युअर, ३ इश्युअरने परत पाठवलेला, ४ इतर कोणी, ५ त्याने परत पाठवलेला. म्हणजे सम असेल तर मूळ, विषम असेल तर रिपीट. तुमच्या लॉगमधला ०४२१ म्हणजे वेगळं रिव्हर्सल नाही, तोच ०४२० उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा ढकललाय. हे कळणं महत्त्वाचं कारण इश्युअरने तीन मेसेज बघून तीनदा पैसे जमा केले तर बँकेचं नुकसान, आणि उलट "डुप्लिकेट आहे" म्हणून उत्तरच दिलं नाही तर समोरचा रांगेतून तो काढणार नाही आणि पाठवतच राहणार. बरोबर वागणं असं की आधीचा मिळालेला असेल तर पैशाला हात लावायचा नाही, पण ०४३० मात्र प्रत्येक वेळेला द्यायचा. आणि ०४२१ चं उत्तर ०४३० च, ०४३१ नाही. काही जण आलेल्या कोडमध्ये सरळ १० मिळवतात, मग ०४३१ तयार होतो आणि समोरचा स्विच तो ओळखत नाही.

हा चौथा आकडा सगळीकडे सारख्याच काटेकोरपणे वापरत नाहीत हेही सांगून ठेवतो. ०१२० नेटवर्कने स्वतः बनवलेला असला तरी शेवटी ० च असतो, तिथे शब्दशः वाचून तो अ‍ॅक्वायररकडून आला असं समजू नका. मास्टरकार्डच्या ऑनलाइन मेसेजमध्ये ०१८० आणि ०१९० पण आहेत, पोच आणि नकारात्मक पोच म्हणून, साध्या तक्त्यात ते सापडायचे नाहीत. ज्या नेटवर्कशी जोडलेले आहात त्याचं स्पेसिफिकेशन शेवटचा शब्द, पण ते वाचायला बसताना ही चार जागांची समज असली की वाचन फार सोपं जातं.

आता तुमचा लॉग. ०२०० गेला. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही म्हणून टाइमआउट झाला. मशीनला मंजुरी पोचलीच नाही म्हणजे नोटा देण्याचा प्रश्नच नाही, ईजे (मशीनची स्वतःची नोंदवही) उघडून खात्री करून घ्या पण ग्राहक खरं बोलतोय असं धरूनच चाला. मग स्विचने ०४२० पाठवला, त्याला उत्तर नाही, म्हणून ०४२१ दोनदा, मग ०४३० मिळाला. बहुतेक लाइन मध्येच पडली असणार कारण त्यानंतर कुठल्यातरी रांगेत अडकलेला ०२१० उगवला. तो उशिरा आलेला ०२१० फेकून देणंच योग्य आणि स्विचने तसंच केलेलं दिसतंय, पण त्याच्यातल्या ०० ने तुम्हाला एक फार कामाची गोष्ट सांगितलीये: इश्युअरने खरंच डेबिट केलंय. म्हणजे "आमच्याकडे व्यवहार झालाच नाही, टाइमआउट आहे" असं उत्तर पाठवायचं नाही. तुमच्याकडे झाला नाही, त्याच्याकडे झालाय.

आणि ०४३० आला म्हणजे ग्राहकाला पैसे मिळाले असंही नाही. पुष्कळ ठिकाणी मधलं नेटवर्क स्वतःच ०४३० देऊन टाकतं आणि इश्युअरला द्यायचं काम स्वतःच्या स्टोअर-अँड-फॉरवर्ड रांगेत ठेवतं. त्या ०४३० चा अर्थ "मला मिळालं, पुढचं मी बघतो" एवढाच. इश्युअरकडे ते पोचलं का, आणि पोचल्यावर मूळ ०२०० शी जुळलं का, हे दोन प्रश्न अजून बाकीच असतात. त्यात एक वाईट प्रकार म्हणजे रिव्हर्सल मूळ मेसेजच्या आधी पोचणं, दोघं वेगळ्या रांगेतून गेले की होतं असं. इश्युअरला मूळ सापडत नाही, तो "रेकॉर्ड नाही" म्हणून हात झटकतो आणि काही सेकंदांनी ०२०० येऊन डेबिट होऊन जातो. चांगला इश्युअर असं अनाथ रिव्हर्सल लक्षात ठेवतो आणि मागून आलेला मूळ मेसेज नाकारतो.

जुळवणी कशी होते तर फील्ड ९० मधून (फील्ड म्हणजे मेसेजमधला क्रमांक दिलेला माहितीचा कप्पा). १९८७ च्या आवृत्तीत हे ४२ आकडी असतं: पहिले ४ मूळ एमटीआय, मग ६ आकडी स्टॅन (मेसेजचा अनुक्रमांक), मग १० आकडी पाठवल्याची तारीख-वेळ, मग अ‍ॅक्वायरर आणि फॉरवर्ड करणाऱ्या संस्थेचे ११-११ आकडे. इथे बघायची पहिली गोष्ट म्हणजे मूळ एमटीआय. रिव्हर्सल ०४२० चं असलं तरी आत ०२०० असायला हवं, मी इथे ०१०० भरून पाठवणारी सिस्टिम पाहिलीये आणि मग अर्थातच काहीच जुळत नाही. दुसरी गोष्ट वेळ. ही वेळ फील्ड ७ मधून येते आणि ती सहसा जीएमटीमध्ये असते, तर फील्ड १२ आणि १३ मध्ये मशीनची स्थानिक वेळ आणि तारीख. समजा ५ मार्चला मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी कोणी पैसे काढले. फील्ड १३ मध्ये ०३०५ असणार, पण फील्ड ७ मध्ये ०३०४१८५०००, म्हणजे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६.५०. रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढ्या पट्ट्यात दोन्ही तारखा कायम वेगळ्या असतात, आणि कोणी रिपोर्टमध्ये एक तारीख दुसऱ्याशी जुळवायला गेलं की नेमके याच वेळचे व्यवहार "सापडत नाहीत" मध्ये पडतात. तुमचा व्यवहार या वेळेतला असेल तर सगळ्यात आधी हेच तपासा.

मशीनने काही नोटा दिल्या आणि मग अडकलं असं असेल तर रिव्हर्सल अर्धवट असतं. एमटीआय तोच ०४२०, फरक फील्ड ९५ मध्ये, तिथे प्रत्यक्ष दिलेली रक्कम असते. एमटीआय बघून पूर्ण रक्कम जमा करून मोकळे झालात तर चूक. एमटीआय कामाचा प्रकार सांगतो, किती आणि का हे फील्ड सांगतात.

हे सगळं लवकर करायचं कारण आरबीआयचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक. एटीएममध्ये खातं डेबिट झालं आणि नोटा आल्या नाहीत तर जास्तीत जास्त टी अधिक ५ दिवसांत (टी म्हणजे व्यवहाराचा दिवस) आपोआप पैसे परत, आणि त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई, ती पण त्याने न मागता. पीओएसवर खातं डेबिट होऊन दुकानात कन्फर्मेशन आलं नाही तरी हाच नियम. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला तेवढेच पैसे होते त्याला टी अधिक ५ पण खूप असतात, तेव्हा इश्युअरला आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), स्टॅन, फील्ड ७ आणि उशिराच्या ०२१० ची ओळ एकाच मेलमध्ये पाठवा, एकेक मागवत बसायची वेळ आणू नका.

लॉग तयार मिळाला म्हणून बरं, कधी कधी नुसता हेक्स डंप हातात येतो. पीओएसचा एक नमुना बघा: ०० ५३ ६० ०० ०३ ०० ०० ०२ ०० ३० २० ०५ ८० २० आणि पुढे बरंच. नवीन माणूस पहिले चार आकडे ००५३ बघून हा कुठला एमटीआय म्हणून शोधत बसतो. ते ०० ५३ म्हणजे लांबी आहे, हेक्समध्ये ५३ म्हणजे ८३ बाइट. त्यानंतरचे ६० ने सुरू होणारे पाच बाइट टीपीडीयू, मेसेज कुठे जायचाय आणि कुठून आलाय याचा पत्ता, उत्तर येताना त्याच्या दोन बाजू अदलाबदल होऊन येतात. मग ०२ ०० हा आपला एमटीआय, बीसीडीमध्ये, म्हणजे एका बाइटात दोन आकडे असा, दोन बाइटांत भरलेला. आणि लगेच बिटमॅप, म्हणजे पुढे कुठली फील्ड आहेत ते सांगणारे बिट: ३० म्हणजे ००११ ००००, म्हणजे फील्ड ३ आणि ४ आहेत, २० म्हणजे ००१० ००००, दुसऱ्या आठात तिसरा, म्हणजे फील्ड ११. असं एकदा कागदावर हाताने करून बघा.

तोच ०२०० आस्कीमध्ये असेल तर ३० ३२ ३० ३० दिसेल, चार बाइट, आणि मेनफ्रेमकडून एबसिडिकमध्ये आला तर एफ० एफ२ एफ० एफ०. कुठून सुरू होतो ते ओळखायचं असेल तर या तीन रूपांपैकी एक शोधा आणि त्याच्या पुढे बिटमॅप म्हणून अर्थ लागतो का ते बघा. ३, ४, ७, ११ अशी नेहमीची फील्ड निघाली तर जागा बरोबर. काही स्विच एमटीआयच्या आधी स्वतःचा हेडर पण लावतात, त्यामुळे "नेहमी सातव्या बाइटनंतर" असले नियम दुसऱ्या लिंकवर चालत नाहीत.

पीओएसवर आणखी एक जोडी भेटेल. दुकानदार रात्री मशीनवर सेटलमेंट दाबतो तेव्हा ०५०० जातो, दिवसभराची बेरीज घेऊन. बेरीज जुळली तर ०५१० मध्ये ००. नाही जुळली तर ९५, आणि मग बऱ्याच मशीन एकेक व्यवहार ०३२० ने वर पाठवतात, बॅच अपलोड, आणि सगळे गेले की परत ०५००. ०३२० आकड्यांनी वाचा: फाइलचं काम, अ‍ॅडव्हाइस, अ‍ॅक्वायररच्या बाजूने. अ‍ॅडव्हाइस का, कारण ते व्यवहार आधीच होऊन गेलेत. तसंच ०३०२: फाइलचं काम, रिक्वेस्ट, इश्युअरकडून, म्हणजे बँक नेटवर्ककडच्या फाइलमध्ये कार्ड ब्लॉक वगैरे करतीये.

०८०० बद्दल फार नाही. त्यात ग्राहकाचा व्यवहार नसतोच, फील्ड ७० बघायचं, ००१ साइन-ऑन, ००२ साइन-ऑफ, ३०१ इको (लिंक चालू आहे का याची चाचणी). फक्त रिस्पॉन्स कोड ९१ (इश्युअर उपलब्ध नाही) चे ढीग लागले असतील तर त्या वेळच्या इकोला ०८१० येत होता का ते पहिलं बघा, लिंकच पडलेली असेल तर व्यवहार उलगडत बसण्यात अर्थ नाही.

आता तो क्लिअरिंगचा विषय, कारण १ ने सुरू होणारे कोड तिथे भेटतात. मास्टरकार्डची क्लिअरिंग फाइल १९९३ च्या आवृत्तीवर आहे. तिच्यात १२४० असतो. कधी पाहिला नसेल तरी वाचा: १९९३, फायनान्शियल, नोटिफिकेशन, अ‍ॅक्वायररकडून. म्हणजे अ‍ॅक्वायरर कळवतोय की हा व्यवहार झाला, पैसे दे. प्रेझेंटमेंट. आता १४४२: ४ म्हणजे रिव्हर्सल-चार्जबॅकचं घर, ४ नोटिफिकेशन, २ म्हणजे इश्युअरकडून, झाला चार्जबॅक. १७४० फी कलेक्शन. १६४४ अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच असतो आणि कुठला कुठला ते फील्ड २४ मधल्या फंक्शन कोडने कळतं, सुरुवातीला ६९७, शेवटी ६९५. १२४० पण पहिलं प्रेझेंटमेंट असेल तर फंक्शन कोड २००, चार्जबॅकनंतर परत केलं असेल तर २०५ किंवा २८२. म्हणून डिस्प्यूटवाल्यांशी बोलताना नुसतं "१२४० आलाय" म्हणू नका, फंक्शन कोड जोडून सांगा, नाहीतर ते पहिलं समजतात आणि डिस्प्यूटच्या मुदती चुकीच्या मोजतात.

शेवटचं, कोड आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांसाठी. एमटीआय कायम अक्षरं म्हणून साठवा, संख्या म्हणून कधीच नाही. लॉग एक्सेलमध्ये उघडला की ०४२० चा ४२० होतो, मग कोणीतरी त्याला मागे शून्य लावून ४२०० करतं आणि व्हीलुकअप रिकामा येतो, कॉलम आधी टेक्स्ट करून मगच इम्पोर्ट करा. सी आणि जावामध्ये तर पुढे शून्य असलेली संख्या ऑक्टल धरली जाते, तिथे ०२०० लिहिलंत तर त्याची किंमत १२८ होते आणि कंपायलर तक्रार करत नाही. ०८०० लिहिलंत तर निदान एरर तरी येते कारण ऑक्टलमध्ये ८ नसतो. तुमच्या टीमच्या कोडमध्ये एमटीआयची तुलना कुठे अशी अवतरणाशिवाय केलेली आहे का ते एकदा सर्च मारून बघा.